काडेपेटी कुणाची

सकाळचे सहा वाजायला दहा सेकंद उरले की स्टुडिओतला पंखा बंद व्हायचा. खुर्ची करकरू नये म्हणून काडीताई उभ्याच राहायच्या. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी आणि माइक इतका जवळ की जरा झुकलं तर नाकाला लागावा. काटा बारावर आला की खर्र... फस्स... आणि मग तो जाड, किंचित घोगरा, उठलेल्या माणसाला परत आडवं होऊ न देणारा आवाज: "काडेपेटी पेटली हो! उठा!"

एवढंच. पण एकवीस वर्षं अर्धं गाव त्या आवाजावर डोळे उघडत होतं. रेकॉर्ड केलेली काडी सुरुवातीला दोनदा वाजवून पाहिली होती. एकदा ती तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी वाजली, एकदा कुणीतरी चादर फाडल्यासारखी. तेव्हापासून रोज ताजी काडी. अंगात ताप असो, बाहेर वादळ असो, पावणेसहाला काडीताई हजर. रंगमंचावर कालचं रडू आज चालत नाही, तसंच हे. लोक थट्टा करायचे, "गावात काडी लावणाऱ्या पुष्कळ, पण पगार घेऊन लावणारी ही एकटीच." त्यावर सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या.

स्टेशनचं नाव रेडिओ काडेपेटी. मालक त्यांचे धाकटे दीर. स्टेशनात सगळे त्यांना साहेब म्हणत, काडीताई मात्र भाऊजीच म्हणत. माइक चालू असतानाही एकदा म्हणून गेल्या होत्या आणि गावाला ते इतकं आवडलं, की पुढे आठवडाभर लोक साहेबांना रस्त्यात थांबवून "काय भाऊजी, बरं आहे ना?" विचारत होते.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा भाऊजी आठवीत होते. सासू-सासरे नव्हते. नवरा बसवर चालक, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात हे दोघंच. एक एकोणीस वर्षांची नवी नवरी आणि एक तेरा वर्षांचा, सदैव भुकेला, रेडिओ उघडून आत बघणारा दीर. त्यानं घरातला एकुलता एक रेडिओ तीनदा मोडला आणि दोनदा जोडला. तिसऱ्यांदा तो जुळेना, तेव्हा काडीताईंनी नवऱ्याला सांगितलं की माझ्या हातून पडला. शिव्या खाल्ल्या. भाऊजी दाराआड उभे राहून ऐकत होते. त्या दिवसापासून दोघांत एक करार झाला, कुठेही न लिहिलेला. चांगली बातमी आली तर आधी एकमेकांना सांगायची. वाईट आली तरी आधी एकमेकांनाच.

सातव्या वर्षी नवरा गेला. घाटात नाही, अपघातात नाही. डेपोत बस उभी करून, खाली उतरून, पायरीवर बसला आणि बसलाच राहिला. डेपोनं त्याच्या जागी काडीताईंना नोकरी दिली. बस चालवायची नव्हती, गाड्या पुकारायच्या होत्या. स्थानकाच्या कोपऱ्यात, चार नंबरचा फलाट आणि मुतारी यांच्या मधोमध पत्र्याची एक खोली होती. एक टेबल, एक माइक, एक स्टूल. माणूस आत गेला की दार पाठीला लागायचं. चालक त्या खोलीला काडेपेटी म्हणायचे.

दुपारी दोन ते अडीच एकही गाडी नसायची. उन्हानं मलूल झालेली माणसं बाकांवर घोरत पडायची. एक दिवस काडीताईंनी चहासाठी स्टोव्ह पेटवला आणि माइकचं बटण चालूच राहिलं होतं. काडीचा आवाज भोंग्यातून असा काही फुटला की फलाटावरची माणसं ताडकन उठून बसली. तिकीट खिडकीतला क्लार्क तिथूनच ओरडला, "अहो, काय पेटलं?"

काडीताईंच्या लक्षात आलं. दुसरी कुणी असती तर बटण बंद करून तोंड लपवलं असतं. यांनी माइक जवळ ओढला. "काडेपेटी पेटली हो! उठा! दोन पस्तीसची लागायला अजून वेळ आहे, तोवर गप्पा मारू."

आणि मारल्या. कुणाची छत्री राहिली, कुणाची सून रुसून कुठल्या गाडीत बसली, कोणत्या चालकानं काल चुकीच्या रस्त्याला लागून प्रवाशांना त्यांच्याच गावाची सहल घडवली. अर्धा तास स्थानक हसत होतं. त्या दिवशीच्या वहीत, गाड्यांच्या वेळांच्या खाली, त्यांनी लिहिलं: "दु. २ ते २.३० काडेपेटी. लोक हसले." खाली तारीख. वहीत पुकारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हा डेपो मास्तरांचा नियम होता. कुणी तक्रार केली तर ती एका माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. फार भला माणूस. त्याच्या भलेपणातून पुढे काय निघणार होतं, हे त्याला तरी कुठून कळावं?

तीन वर्षं हा दुपारचा खेळ चालला. लोक गाडी नसतानाही स्थानकात येऊन बसू लागले. आणि मग भाऊजींना रेडिओ स्टेशनचा परवाना मिळाला.

परवाना मिळाल्याचं सांगायला ते धावत काडेपेटीतच आले होते. आत मावेनात, म्हणून दाराबाहेरून बोलले. "वहिनी, मिळालं! आता नाव काय ठेवायचं?"

काडीताईंनी वर पाहिलं, पत्र्याला हात लावला आणि म्हणाल्या, "हेच घ्या."

"देशील?"

"माझं तुमचं कधी वेगळं झालं?"

वेब पत्त्याचंही तसंच. कंपनीची नोंदणी अजून कुठल्याशा टेबलावर शिक्क्याची वाट पाहत होती, आणि भाऊजींना घाई. फॉर्मवर मालकाचं नाव विचारलं होतं. "तुझंच घाल," भाऊजी म्हणाले, "तुझाच इमेल दे. आपण काय परके आहोत?" काडीताईंनी घातलं. पुढे दरवर्षी मुदत संपत आली की त्यांना पत्र यायचं आणि दरवर्षी त्या ती वाढवायच्या. भाऊजी ते विसरूनही गेले. घरातला विजेचा मीटर कुणाच्या नावावर आहे हे माणूस विसरतो, तसे.

अशी एकवीस वर्षं गेली. काडीताईंना स्वतःचं मूल नव्हतं. भाऊजींची मुलगी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली, काकू काकू करत माइकपाशी आली आणि दुपारचा कार्यक्रम करू लागली. काडीताई एकोणसाठ वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरू लागले, पण काडी ओढणारा हात तसाच होता, एका झटक्याचा.

मग एका संध्याकाळी भाऊजी घरी आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

"वहिनी, नाव चोरीला गेलंय."

"कुणाचं?"

"आपलं. काडेपेटी. कुणीतरी ते अडकवून बसलंय. आपल्याला ट्रेडमार्क करून घ्यायचाय, आणि हा माणूस आडवा येतोय."

काडीताईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कोण मेला तो?"

"आहे एक. लांबचा आहे. तू नाही ओळखत."

"तोंडावर आणा त्याला माझ्या. एकवीस वर्षं गाव मी उठवतेय आणि नाव याचं?"

"तेच तर सिद्ध करायचंय," भाऊजी म्हणाले. नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. "नाव कधीपासून वापरात आहे, त्याचा जुन्यात जुना पुरावा लागेल. जितका जुना तितका बरा, असं वकीलबाई म्हणतात. तुझ्याइतकं कुणी जपून ठेवलेलं नाही."

हे मात्र खरं होतं. काडीताईंनी काहीच टाकलेलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे त्या पेटून उठल्यासारख्या कामाला लागल्या. माळ्यावरची ट्रंक खाली काढली. श्रोत्यांची पत्रं वर्षांप्रमाणे लावली. पहिल्या वर्धापनाचं पोस्टर सापडलं, त्याला लागलेली बुरशी ओल्या फडक्यानं पुसली. प्रत्येक कागदाला चिठ्ठी लावून स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, हे काय, कधीचं, कुठलं. आणि ट्रंकेच्या तळाशी ती वही मिळाली. स्थानकाची. ती त्यांनी भाऊजींच्या हातात ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की कुणाला वाटावं वाट चुकलेलं पोर सापडलं. "हे बघा. याच्याहून जुनं त्याच्याकडे असेल तर मी मिशी लावीन."

भाऊजी हसले नाहीत. "एक कबुलीपत्रही लागेल," म्हणाले. "इथे सही. आणि इथे."

काडीताईंनी भाऊजींचं बोट जिथे होतं तिथे सही केली. चष्मा आतल्या खोलीत होता. उठून आणायला किती वेळ लागला असता? दहा पावलं. पण दिराच्या कागदावर सही करायला चष्मा लागतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याच सुमारास भाऊजींनी त्यांच्याकडून चाळीस काड्या ओढून घेतल्या. "संग्रहासाठी," म्हणाले. नवीन माइक आणला होता, फार भारी. चाळीस वेळा खर्र, फस्स, उठा. काडीताईंची बोटं काळी झाली. पुतणी काचेपलीकडे बसून प्रत्येक काडीला नंबर देत होती आणि मान खाली घालून होती. "काय गं, बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "डोकं दुखतंय, काकू," ती म्हणाली.

पत्र आलं मंगळवारी, दुपारी. काडीताईंच्या त्या जुन्या इमेलवर, जिथे वर्षाकाठी मुदतीची आठवण सोडून काही येत नसे. त्यांनी चष्मा लावला. लवादाकडून होतं. रेडिओ काडेपेटी या कंपनीनं तक्रार दाखल केली होती. काडीताईंना आनंद झाला. चला, लागली केस त्या चोराच्या मागे!

मग त्यांनी प्रतिवादीचं नाव वाचलं.

त्यांना वाटलं, साक्षीदार म्हणून घातलं असेल. पुन्हा वाचलं. पत्ता त्यांच्या घराचा होता. खोली क्रमांकासकट. पुढे लिहिलं होतं, की प्रतिवादीने अर्जदाराच्या सुप्रसिद्ध नावाचा वेब पत्ता वाईट हेतूने स्वतःच्या नावे अडकवून ठेवला आहे, तो काढून अर्जदारास देण्यात यावा. सोबत जोडपत्रं. काडीताईंनी एकेक उघडलं. जोडपत्र एक, कंपनीच्या नोंदणीचा दाखला. जोडपत्र दोन, श्रोत्यांची पत्रं. जोडपत्र तीन, पोस्टर. जोडपत्र चार, वही, आणि वर मथळा: कंपनीच्या सुरुवातीच्या दप्तरातून. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यांनीच लावलेली चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात. जोडपत्र पाच म्हणजे त्यांचं कबुलीपत्र: "काडेपेटी हे नाव मी कंपनीच्या सेवेत असताना कंपनीसाठी सुचवले." खाली सही. वळणदार.

तीन आठवडे ज्या चोराला त्या शिव्या घालत होत्या, तो त्यांच्याच खुर्चीत बसून पत्र वाचत होता.

त्या उठल्या आणि तशाच स्टेशनवर गेल्या. भाऊजींच्या खोलीत पुतणी आणि वकीलबाई बसल्या होत्या. वकीलबाई तरतरीत, नीटनेटकी, वयानं पुतणीहून थोडी मोठी. काडीताईंनी पत्राची प्रत टेबलावर ठेवली.

"लांबचा आहे म्हणालात ना, भाऊजी? घर दोन गल्ल्या पलीकडे आहे."

भाऊजींनी पत्र पाहिलं आणि वकीलबाईंकडे पाहिलं. "सर, वेब पत्त्याच्या नोंदीत जो इमेल असतो, हे त्यावरच जातं," वकीलबाई हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही घरी बोलला असाल."

"बस ना, वहिनी. चहा सांगतो."

"चहा नको. पत्ता हवा होता तर मागितला का नाहीत? मी हातावर ठेवला असता. चहाच्या कपाबरोबर."

"मागितला असता तर तू विचारलं असतंस, कशाला."

"मग?"

"मग सांगावं लागलं असतं."

नाटकात वाक्य अडलं की विंगेतून कुणीतरी ते पुरवतं. इथे ते काम पुतणीनं केलं. "काकू, बाबा स्टेशन विकतायत. मोठी कंपनी आहे, त्यांची वीस गावांत स्टेशनं आहेत. त्यांना नाव पाहिजे, पत्ता पाहिजे, काडीचा आवाजसुद्धा पाहिजे. सगळं कंपनीच्या नावावर. आवाजाचाही ट्रेडमार्क होतो म्हणे."

"आणि मी?"

पुतणी रडायला लागली.

"त्यांना सकाळी तरुण माणसं हवीयत," भाऊजी म्हणाले. "तुझी काडी राहील. तुझा आवाज राहील. चाळिसातली सतरा नंबरची त्यांना फार आवडली. तू थकलीयस, वहिनी. मीही थकलोय. किती वर्षं ओढायचं हे? मला वाटलं, एकदम सगळं झालं की सांगू. त्रास कमी होईल."

"कुणाला?"

भाऊजी टेबलावरचं पत्र नीट करत राहिले. काडीताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. केस पांढरे, डोळ्यांखाली पिशव्या. खरंच थकला होता माणूस. अजूनही त्यांच्या मनात आलं, की हा जेवला असेल का? आणि या विचाराचाच त्यांना राग आला.

"विका," त्या म्हणाल्या. "स्टेशन तुमचं, परवाना तुमचा. पत्ताही देते, आत्ता देते. माझी एक अट. एक ओळ लिहून द्या. हे नाव माझं होतं, मी तुम्हाला दिलं. घेणाऱ्यांच्या कागदात ती ओळ असू दे. बाकी काही नको."

भाऊजींचा चेहरा क्षणभर उघडला. ते पेनाकडे हात नेणार, तोच वकीलबाई म्हणाली, "सर, तसं लिहिता येणार नाही. कबुलीपत्रात उलटं लिहिलंय. हे लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि नाव स्वच्छ राहत नाही. स्वच्छ नाव नसेल तर ते घेणार नाहीत."

"एक ओळ, भाऊजी."

"तुम्ही समजून घ्या ना," भाऊजी म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी काडीताईंना पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं. काडीताईंनी ते ऐकलं, मान हलवली आणि बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सहाला स्टुडिओत गेल्या नाहीत. घरी खिडकीशी बसल्या. एकवीस वर्षांत त्यांनी आपली सकाळ कधी बाहेरून ऐकली नव्हती. आता सगळ्यांना कळेल, त्यांना वाटलं. बरोबर सहाला शेजारच्या घरातून, समोरच्या दुकानातून, खालच्या रस्त्यावरून एकदम आवाज आला. खर्र. फस्स. काडेपेटी पेटली हो, उठा. सतरा नंबर. तवा नाही, चादर नाही, अगदी काडी. नऊ वाजता त्या भाजीला उतरल्या तर दुकानदार म्हणाला, "ताई, आज आवाज काय खणखणीत लागला होता!"

हा घाव भाऊजींच्या घावाहून कमी नव्हता. त्या पिशवी घेऊन घरी आल्या, आणि भाजी घ्यायची राहूनच गेली आहे हे जिन्यात कळलं.

उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत होती. वकील करण्याची त्यांची इच्छा नव्हती. वकीलबाईला पाहिल्यापासून त्या जातीवर त्यांचा विश्वास उडाला होता. त्या गेल्या स्थानकातल्या निवृत्त तिकीट क्लार्ककडे. म्हातारा आता ऐंशीला टेकला होता. नातवानं टाकून दिलेल्या संगणकावर दोन बोटांनी टाइप करायचा आणि प्रत्येक अक्षर सापडलं की "मिळालं" म्हणायचा.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "सही तुमचीच?"

"माझीच."

"न वाचता?"

"न वाचता."

"मला साडेतीन रुपयांच्या तिकिटावर सही करताना दोनदा वाचायची सवय होती," म्हातारा म्हणाला. मग त्यांचा चेहरा पाहून ओशाळला. "जाऊ द्या. आपल्याच माणसाचं काय वाचायचं? बरं, ती जोडपत्रं दाखवा."

तो वाचत गेला. चौथ्या जोडपत्रावर थांबला. कंपनीच्या नोंदणीचा दाखला समोर धरला. वही, दाखला, वही. एकाएकी तो इतका हसायला लागला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"काय झालं?"

"अहो, तुमच्या दिराला जुन्यात जुना पुरावा हवा होता ना? हावरटपणा केला आणि फार जुना घेतला. या वहीची तारीख बघा. आणि कंपनी जन्मली कधी ते बघा. तीन वर्षांनी! जन्माआधी कुणी दप्तर लिहितं का? आणि तुम्ही सेवेत कुणाच्या होतात तेव्हा? डेपोच्या! हे बघा, पानावर शिक्का आहे स्थानकाचा. 'काय पेटलं' म्हणून ओरडलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय. माझं शपथपत्र घ्या."

काडीताईंना हसू आलं नाही. वही त्यांनीच शोधून दिली होती. भाऊजींना जिंकवायला.

उत्तर एका पानाचं झालं. मजकूर काडीताईंनी सांगितला, म्हाताऱ्यानं अक्षरं शोधली. "हे नाव मी बस स्थानकाच्या भोंग्यावरून वापरू लागले तेव्हा अर्जदार कंपनी अस्तित्वात नव्हती. पुरावा: अर्जदाराचेच जोडपत्र चार. वेब पत्ता अर्जदाराच्या मालकाच्या सांगण्यावरून माझ्या नावे घेतला आणि त्यांच्याच स्टेशनसाठी चालू ठेवला. जोडपत्र पाचवरील सही माझी आहे. मजकूर माझा नाही. दिरावर विश्वास ठेवून न वाचता केली." म्हातारा म्हणाला, शेवटचं वाक्य काढा, त्यानं बाजू दुबळी होते. त्या म्हणाल्या, राहू दे. खरं तेवढंच आहे.

उत्तर पाठवण्याच्या आदल्या दिवशी पुतणी आली. दारातच उभी राहिली.

"काकू, बाबांची झोप उडालीय. तू हे पाठवलंस तर व्यवहार मोडेल."

"तुला ठाऊक होतं ना? काड्यांना नंबर देत होतीस तेव्हा?"

पुतणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"डोकं दुखतंय म्हणालीस. मी तुला गोळी दिली."

"मी काय करायला हवं होतं, काकू? ते बाबा आहेत."

"काही नाही, बाळ. तू तुझ्या बापाची मुलगी आहेस, तेच बरोबर आहे. मीच विसरले होते." त्यांनी तिला आत बोलावलं, जेवायला वाढलं, केसांवरून हात फिरवला. आणि सकाळी उत्तर पाठवलं.

निकाल यायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात सतरा नंबरची काडी रोज सकाळी पेटत राहिली. मग एके दिवशी ती पेटली नाही. घेणाऱ्या कंपनीनं वादातलं नाव नको म्हटलं होतं. परवाना घेतला, यंत्रं घेतली, पुतणीला घेतलं. भाऊजींना ठरलं होतं त्याहून बरंच कमी मिळालं, असं लोक बोलत. स्टेशनला नवं नाव मिळालं, एक आकडा आणि एक इंग्रजी शब्द. वीस गावांत तेच. पहिल्या आठवड्यात लोक हळहळले. दुसऱ्या आठवड्यात नव्या नावानं फर्माइशी पाठवू लागले.

निकाल त्यानंतर चार दिवसांनी आला. काडीताईंनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला. नाव अर्जदार कंपनीच्या स्थापनेपूर्वीपासून प्रतिवादीच्या वापरात असल्याचे दिसते. वाईट हेतू सिद्ध होत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो.

सिद्ध झालं. कुणीतरी परक्यानं, कधी न पाहिलेल्या माणसानं, ती एक ओळ लिहून दिली होती. काडेपेटी त्यांची होती. त्यांच्या छातीत असं काही भरून आलं की बसवेना. त्या उठल्या, येरझारा घातल्या, पुन्हा वाचलं. हे कुणालातरी सांगायला हवं होतं, ताबडतोब, श्वास खाली बसायच्या आत. हात आपोआप फोनकडे गेला, बोटांनी आपोआप आकडे दाबले. पलीकडे घंटी वाजली. दुसऱ्या घंटीला उचलला गेला, नेहमीसारखा.

"बोल, वहिनी," भाऊजी म्हणाले. आवाज कसा झटकन उजळला होता! जणू दोन महिने फोनशेजारीच बसून होते. मागे रेडिओ चालू होता, पुतणी नवं नाव घेत होती.

"मिळा..." काडीताईंच्या तोंडून निघालं, आणि मग त्यांना कळलं की आपण कुणाला फोन लावलाय.

"वहिनी? काय गं? काय झालं?"

त्यांनी डोळे मिटले. आणि सगळ्या गावाला झोपेतही ओळखू येईल अशा त्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "राँग नंबर."